"इन्शुरन्सच भरतंय ना!"

"मॅडम, इन्शुरन्सच भरतंय ना, तुमच्या खिशातून काय जातंय?"

दुपारी गाडी आणायला गेले तर गॅरेजमध्ये हे ऐकून आलेय, अजून डोकं तापलेलंच आहे. चार वर्षं एक क्लेम न करता जपलेला ४५ टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे प्रीमियममधली सूट, गेली ती कुणाच्या खिशातून? क्लेममध्ये आपणच भरायचे ते सक्तीचे १००० रुपये? घसारा कापू नये म्हणून घेतलेल्या झिरो डेप कव्हरचे जादा पैसे काय शेजारी भरतात? ते घेतलं नसतं तर बंपरसारख्या प्लॅस्टिकच्या पार्टचे निम्मे पैसे घसारा म्हणून माझ्याच माथी मारले असते.

वारज्याला टेम्पोने ठोकलं. बंपर, फेंडर, डावा हेडलॅम्प. नुकसान बघायला इन्शुरन्सचा सर्व्हेअर येऊन गेला, आठ दिवसांत गाडी तयार. बघते तर उजव्या हेडलॅम्पवर गाडीच्या कंपनीचा लोगो, डावा कोरा. बिलात मात्र कंपनीचा पार्ट नंबर आणि कंपनीचीच किंमत! म्हटलं, बॉक्स दाखवा. "कचऱ्यात गेला." बरं, पार्ट खरेदी केल्याचं बिल? "ते अकाउंट्सला असतं." आणि काम पसंत असल्याचं सॅटिस्फॅक्शन लेटर तेवढं सहीसाठी पुढे सरकवलेलं!

आमचे बाबा गॅरेजमधून जुनी क्लच प्लेट, ब्रेक शू पिशवीत घालून घरी आणायचे. आई करवादायची, हे भंगार कशाला? बाबा म्हणायचे, बदललं हे कळायला नको? क्लेममध्ये जुना पार्टही आपल्याला मिळत नाही, सॅल्व्हेज म्हणून इन्शुरन्सच्या हिशेबात जातो. मग आपल्याला बघायला उरतं काय, तर तो बॉक्स. त्यावरचा होलोग्राम, पार्ट नंबर, एमआरपीचं स्टिकर. तोच नेमका कचऱ्यात.

हो, माहितीये, बाहेरचा प्रत्येक पार्ट टाकाऊ नसतो. कधी कधी कंपनीला माल पुरवणाराच तो स्वतःच्या खोक्यात घालून स्वस्तात विकतो. विका की! पण मग बिलात तसं लिहा ना.

काउंटरवरच्या मुलावर जरा जास्तच ओरडले. पंचविशीचं पोर, पार्ट कुठून आणायचा हे तो थोडाच ठरवतो? तरी शेवटी त्यानेच पाण्याचा ग्लास आणून दिला. आता वाईट वाटतंय.

सही केली नाही. दोन्ही दिव्यांचे फोटो काढले, इन्शुरन्सला मेल टाकला की पुन्हा तपासणी करा, आणि गाडी तिथेच सोडून रिक्षाने आले. बाबांना फोनवर सगळं रामायण सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते सगळं ठीक. जुना दिवा डोळ्यांनी बघितलास का?"

नाही ना बघितला.