मंत्र्याचं रबरी नाक

गोव्यातल्या आमच्या पेडण्याहून हल्ली फोनवर जे काही येतं, ते बहुतेक राजभाषेच्या वादाबद्दलचं: मराठीलाही गोव्याची राजभाषा करावं की नाही. सभा, निवेदनं, आणि कोकणी-मराठीवाल्यांनी एकमेकांना घातलेल्या शिव्या. 1987 च्या कायद्यानं देवनागरी कोकणी राजभाषा झाली, मराठीला सरकारी कामकाजात मुभा मिळाली. ती मुभा अपुरी आहे, हे मलाही पटतं. पण इथं इंग्लंडात, स्विंडनमध्ये बसून मला भलताच प्रश्न पडतो: गोव्यात मराठीतून मंत्र्याची टर कोण उडवतो?

इथं आयटीव्ही या खाजगी वाहिनीवर 1984 ते 1996 ‘स्पिटिंग इमेज’ नावाचा बाहुल्यांचा कार्यक्रम चालायचा. पीटर फ्लक आणि रॉजर लॉ यांनी घडवलेली ती लेटेक्सची थोबाडं. पंतप्रधान थॅचरबाई पुरुषी सुटात सिगार ओढत, त्यांच्यानंतरचे पंतप्रधान जॉन मेजर नखशिखान्त राखाडी, आणि राजघराण्यालाही माफी नाही. या बाहुल्यांनी कुणाचं सरकार पाडलं नाही. 1987 मध्ये बाई पुन्हा निवडून आल्याच. भरडला गेला तो लिबरल पक्षाचा डेव्हिड स्टील. त्याला आघाडीतला जोडीदार डेव्हिड ओवेन याच्या खिशात मावणारा बुटका करून टाकला आणि आपली प्रतिमा त्यानं बिघडली, असं त्यानं पुढं बोलूनही दाखवलं. टिंगल नेमकी बलवानालाच लागते, असं काही नाही.

पोर्तुगालात तर ‘कोंत्रा-इन्फॉर्मासांव’ हा असाच कार्यक्रम आरटीपीवर, म्हणजे सरकारी वाहिनीवर, 1996 पासून 2010 पर्यंत चालला. पंतप्रधानाची बाहुली, तीही सरकारी वाहिनीवर! पणजी दूरदर्शनला एवढं सुचवून बघा कुणीतरी.

गोव्याला हसायचं वावडं नाही. तियात्रात, म्हणजे रोमन लिपीवाल्या (रोमी) कोकणीतल्या गाण्यांच्या नाटकात, कांतारकार म्हणजे गाणारा मंत्र्याचं नाव घेऊन गातो आणि लोक ते पुन्हा म्हणायला लावतात. आमच्या मराठी अंगाला काय? जत्रेचं नाटक पौराणिक, नाहीतर ऐतिहासिक. दोन अंकांच्या मध्ये आमदाराला शाल-श्रीफळ. दशावतारातल्या संकासुराला, त्या विनोदी असुराला, आयत्या वेळी काहीही बोलायची सूट असते, पण मी पाहिलेले संकासूर सरपंचाच्या वर फारसे चढले नाहीत.

‘तिथं बसून सांगायला तुझं काय जातं?’ असं माझा चुलतभाऊ म्हणतो. त्याचंही खरं आहे. इथल्या खासदाराला माझं घर ठाऊक नाही. गोव्यात मतदारसंघ चाळीस, एकेकात सरासरी तीसेक हजार मतदार. आमदार बारशाला येतो, तेराव्याला येतो, आणि पोराची नोकरीही त्याच्याच हातात. अशा माणसाचं नाक रबराचं करून रंगमंचावर आणायला छाती लागते.

पण मग दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतले कांतारकार कुठं राहतात? त्यांचेही मतदारसंघ तेवढेच आणि पोरांना नोकऱ्या त्यांनाही हव्यात. ते गातात. राजभाषेच्या पुढच्या सभेला माइक मिळालाच, तर पहिली पाच मिनिटं संकासुराला द्या, आणि त्या दिवशी व्यासपीठावर आमदार बसलेला असू दे.