‘टेक’ म्हणजे दरवेळी ‘घेणे’ नव्हे

भाषांतर तपासण्यासाठी आलेल्या एका रुग्णपत्रकात परवा ‘ही तपासणी वीस मिनिटे घेते’ असे वाक्य वाचले आणि तिथेच अडखळले. इंग्रजी ‘टेक’चे ते शब्दशः भाषांतर होते; मराठीत तपासणीला वीस मिनिटे लागतात.

माझा आक्षेप परक्या शब्दाला नाही, कारण ‘टेक’ हे क्रियापद इंग्रजीलाही उसनेच मिळालेले आहे. जुन्या इंग्रजीत घेण्यासाठी ‘निमन’ असे क्रियापद होते आणि त्याचे भावंड ‘नेमेन’ जर्मनमध्ये आजही रोज वापरले जाते. इ. स. ७९३ मध्ये इंग्लंडजवळच्या लिंडिसफार्न बेटावरच्या मठावर हल्ला करणाऱ्या व्हायकिंगांच्या, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या दर्यावर्दी लुटारूंच्या, पुढच्या पिढ्यांतले अनेक जण उत्तर आणि पूर्व इंग्लंडात शेतीवाडी करून राहिले. त्यांच्या भाषेतले घेणे या अर्थाचे ‘टाका’ शेजारपाजारच्या बोलण्यातून इंग्रजीत शिरले, अकराव्या शतकाच्या अखेरीस लिखाणात दिसू लागले आणि काही शतकांत त्याने ‘निमन’ला पार हुसकावले. ‘निमन’ची खूण बधिर या अर्थाच्या ‘नम’ शब्दात उरली आहे: बधिर बोट म्हणजे मुळात कोणीतरी ताब्यात घेतलेले बोट. हा तपशील मला फार आवडतो. गॉथिक या जर्मन-इंग्रजीच्या नात्यातल्या लुप्त भाषेत तर ‘टाका’च्या नात्यातल्या क्रियापदाचा अर्थ नुसता स्पर्श करणे असा होता, त्या स्पर्शापासून आजच्या ‘टेक’पर्यंत अर्थ किती दूरवर पसरला!

तो सगळा पसारा आपल्या एकट्या ‘घेणे’वर लादणे मला चुकीचे वाटते. औषध आपण घेतो, पण फोटो काढतो, आजीला दवाखान्यात नेतो, बसने जातो, आणि मुलगी आईच्या वळणावर जाते. संस्कृत ‘ग्रह्’ धातूपासून प्राकृतमार्गे आलेल्या ‘घेणे’ची स्वतःची ऐटही वेगळीच आहे, कारण ‘जेवून घे’ म्हणताना त्यात जी आपुलकीची घाई असते, ती ‘टेक’मध्ये कुठून आणणार?

परीक्षेच्या बाबतीत तर दिशाच उलटी होते. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो; आपल्याकडे विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक ती घेतात, म्हणूनच आपले लोक इंग्रजी बोलतानाही परीक्षा ‘गिव्ह’ करतात. माझी भाची मात्र परवा म्हणाली, “आजी, उद्या मी गणिताची परीक्षा घेणार आहे.” माझ्या आईने भाजी निवडता निवडता मान वर करून विचारले, “कोणाची गं?”