‘कॅश क्लिअर करा’ म्हणे!

अक्कलकोट रोडच्या टॉवेलवाल्या शेठजींचा परत फोन: "तुमची साइट मोबाइलची सगळी जागा खातीय बघा." आणि आमच्या साइट बनवणाऱ्या पोरांचं ठरलेलं उत्तर, कॅश (ब्राउझरनं मोबाइलवर साठवलेल्या साइटच्या प्रती) क्लिअर करा. गिऱ्हाइकानं का करायची बे? दर रिलीजला सर्व्हिस वर्करमध्ये (ब्राउझरात मागं चालणारी साइटची स्क्रिप्ट) नव्या नावाची कॅश उघडता, अ‍ॅक्टिव्हेटमध्ये (नवा वर्कर ताबा घेतो तेव्हा) जुनी उडवायला हात दुखतात? गेल्या दिवाळीच्या चादरींचे फोटो अजून तिथंच मुक्कामाला. त्यात फोटो दुसऱ्या डोमेनवरचे, कॉर्सशिवाय, म्हणजे त्या सर्व्हरनं आपल्या साइटला वाचायची परवानगी न देता! असा एकेक ओपेक रिस्पॉन्स (साइटला आत डोकावता येत नाही असं उत्तर) क्रोम साइटच्या साठवणीच्या कोट्यात किमान सुमारे 7 एमबीचा धरतो, मग फोटो 40 केबीचा का असेना. फोटोच्या टॅगला क्रॉसओरिजिन लावा, सर्व्हरला परवानगीचं हेडर द्या, सांगून घसा बसला. वर ऐकायचं, "माझ्याकडं तर नीट चालतंय, सर." चालणारच की, तू दिवसभर इन्कॉग्निटोत बसतोस, खिडकी मिटली की सगळा साठा साफ!