दोन शेपट्यांचा वाद आणि ओलं डबिंग

तुमचे आक्षेप दोन. गळावर नकली माशी, म्हणजे फ्लाय, बांधण्याच्या माझ्या लेखात पेल मॉर्निंग डनला (मेफ्लाय या पाण्याकाठच्या नाजूक माशीचा एक प्रकार) तीन शेपट्या सांगितल्या, तुम्ही पकडलेल्या फिकट मेफ्लायला मात्र दोनच होत्या. आणि फिकट पिवळ्या डबिंगची (दोऱ्यावर पिळून फ्लायचं अंग करायचे मऊ तंतू) फ्लाय पाण्यात मातकट दिसली, ट्राउट मासे जवळ येऊन परत फिरले.

दुसरा आक्षेप शंभर टक्के मान्य. डबिंग ओलं करून बघा, हे लिहायचं माझ्याकडून राहिलं. भिजलं की ते गडद होतं, म्हणून चिमूटभर ओलं करून खऱ्या माशीच्या पोटाशी धरायचं. पाठीशी नव्हे, मासा खालून बघतो. आतला दोराही फिकट पिवळाच हवा. तपकिरी दोरा ओल्या डबिंगमधून डोकावतो, आणि पातळ पांढरा भिजला की खालची गळाची काळपट दांडी दिसायला लागते.

शेपट्यांबद्दल मात्र मी ठाम आहे. पेल मॉर्निंग डन ही एफिमेरेला गटातली मेफ्लाय, तिला तीनच. भिंगाखाली बुडाशी मधला खुंट दिसला तर एक तुटली आहे. खुंट नसेल तर माशीच वेगळी, मग मागचे पंख बघा. एफिमेरेलाचे लहान पण सहज दिसणारे. बेटिस या दोन शेपट्यांच्या मेफ्लायचे जेमतेम टिकलीएवढे. दोन शेपट्या, मोठे मागचे पंख आणि रुंद चपटं डोकं असेल तर ती हेप्टाजेनिडी या मेफ्लायच्या दुसऱ्या कुळातली. रंग सगळ्यात शेवटी! पाण्यातून नुकतीच निघालेली डन (मेफ्लायची पहिली पंखवाली अवस्था) थोड्या वेळाने गडद होते. रात्रभर डबीत ठेवलीत तर कात टाकून स्पिनर, म्हणजे पूर्ण वाढलेली माशी, होईल, पंख काचेसारखे. तिच्यावरून डन बांधायची नाही.

आता बांधणी. गळ 16 किंवा 18 नंबरचा. शेपट्यांच्या आधी दांडीच्या टोकाला मोहरीएवढी डबिंगची गोळी, म्हणजे शेपट्यांचे तंतू दोन्हीकडे फाकतात, लांबी दांडीइतकी. पंखांसाठी हरणाचे केस, दाबल्यावर काडेपेटीच्या काडीएवढे, त्याहून जास्त नकोत. बहुतेक जण इथेच हात सैल सोडतात, मग गळाच्या नेढ्यापाशी गर्दी होते आणि फ्लाय नाकावर पडते. जुडी नेढ्यापासून एक तृतीयांशावर बांधून तिच्या पुढ्यात दोऱ्याचे वेढे चढवत जा, ती आपोआप उभी राहते. डबिंग इतकं विरळ की दोऱ्यावर नुसती लव दिसावी.

ती दोन शेपट्यांची माशी अजून असेल तर मागच्या पंखाचा फोटो पाठवा.