वक्राची लांबी आणि बिंदूने कापलेले अंतर

‘प्राचलिक वक्राची लांबी काढताना दिलेल्या सीमा सूत्रात भरा, वर्ग आणि वर्गमूळ उडवा, समाकलन करा, ते सुटले नाही, तर लांबी काढता येत नाही’ असा सल्ला विद्यार्थ्यांमध्ये सर्रास फिरतो. प्राचलिक वक्र म्हणजे ज्यात क्ष आणि य हे दोन्ही ट या तिसऱ्या चलावरून ठरतात, असा वक्र; त्याच्या लांबीचे सूत्र म्हणजे क्ष आणि य यांच्या ट-सापेक्ष अवकलजांच्या वर्गांच्या बेरजेच्या वर्गमूळाचे समाकलन. सूत्र बरोबर आहे, पण त्याच्याबरोबर येणारी ही तिन्ही विधाने तपासून घ्यायला हवीत.

आधी सीमा. क्ष = साइन² ट आणि य = कोसाइन² ट हा वक्र घ्या, आणि ट ला ० ते २π फिरू द्या. क्ष आणि य यांची बेरीज कायम १ राहते, म्हणजे वक्र गिरवणारा बिंदू हा (०, १) आणि (१, ०) यांना जोडणारा रेषाखंड सोडून कुठेच जात नाही, आणि त्या रेषाखंडाची लांबी √२ आहे. सूत्राने मात्र ४√२ हे उत्तर येते, कारण बिंदू त्याच रेषाखंडावरून दोनदा जातो आणि दोनदा परत येतो. अवकलजांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ ही बिंदूची चाल असते आणि चालीचे समाकलन म्हणजे कापलेले अंतर. म्हणून वक्र एकदाच गिरवला जातो का, हे आधी पाहावे लागते.

वर्ग आणि वर्गमूळ ‘उडवले’ की उरते ते केवलमूल्य, म्हणजे ऋण चिन्ह काढून टाकलेली किंमत. वरच्या उदाहरणात चाल √२ गुणिले साइन २ट चे केवलमूल्य इतकी आहे. केवलमूल्य विसरल्यास उत्तर चक्क शून्य येते. ही चूक लपून राहते, कारण सरावात बहुधा चक्रजाची, म्हणजे सरळ रेषेवर गडगडणाऱ्या चाकाच्या कडेवरील बिंदूच्या मार्गाची, एकच कमान असते. तिथे साइन ऋण होत नाही आणि इंग्रज गणिती आणि वास्तुविशारद ख्रिस्तोफर रेन यांनी १६५८ मध्ये काढलेले त्रिज्येच्या ८ पट हे उत्तर बिनबोभाट मिळते. दोन कमानी घेतल्या, तर १६ पटींऐवजी पुन्हा शून्य.

तिसरे विधान तर सरळ चूक आहे. लंबवर्तुळाच्या परिघाचे समाकलन नेहमीच्या फलनांत सुटत नाही, तरी परीघ असतोच. अर्धअक्ष (केंद्रापासून कडेपर्यंतचे सर्वांत मोठे आणि सर्वांत लहान अंतर) २ आणि १ असतील, तर चाल √(१ + ३ साइन² ट) येते. पूर्ण फेरीचे ८ समान भाग करून प्रत्येक भागाच्या सुरुवातीची चाल भागाच्या रुंदीने गुणून बेरीज केली, तर ९.६८० मिळतात, १६ भाग केले, तर ९.६८८, आणि ३ दशांश स्थळांपर्यंत खरा परीघ तेवढाच आहे.