हवा गेली, गाडी तिथेच

मंगळवारी रात्री पावणेनऊला बाबांचा नेरुळहून फोन. "टायरचा व्हॉल्व्ह दाबायला आगकाडी पुरते का गं, की बॉलपेन लागतं?" मला वाटलं सायकलचं काहीतरी असेल. आमची सायकल भंगारात जाऊन पंधरा वर्षं झाली हे आठवेपर्यंत ते "राहू दे, जमलं" म्हणाले आणि फोन ठेवून मोकळे झाले.

जमलं होतं ते असं. आमच्या रो-हाऊसच्या गेटसमोर एक पांढरी एसयूव्ही उभी होती आणि ज्यांनी आयुष्यात लायब्ररीचं पुस्तक एक दिवस उशिरा परत केलं नाही, असे माझे चौऱ्याहत्तर वर्षांचे वडील तिच्या मागच्या दोन्ही चाकांची हवा काढून हात धूत होते. कारण व्हॉट्सॲपवर 'नवीन कायदा' आला होता.

हा कायदा सेक्टरच्या ग्रुपवरून बाबांकडे, बाबांकडून घरच्या ग्रुपवर आणि परवा माझ्या ठाण्याच्या सोसायटीच्या ग्रुपवरही येऊन पोचला. म्हणजे तुमच्याकडेही असणार. नसेल तर त्याचा गाभा देते, लाल दिवे आणि जोडलेले हात वगळून: एक, तुमच्या कंपाउंडपासून रस्त्याच्या मध्यापर्यंतची जागा पार्किंगसाठी तुमची. दोन, परक्याची गाडी गेटसमोर १५ मिनिटांहून जास्त राहिली तर हवा काढण्याचा तुम्हाला हक्क आहे, पोलीस तक्रार घेऊ शकत नाहीत. एका चाकाला स्टेपनी लागते, म्हणून दोन चाकांची काढा. तीन, स्वतःचा जॅमर लावून १०,००० रुपयांपर्यंत दंड घेता येतो. चार, १२ वर्षं एकाच जागी गाडी लावली की ती जागा कायमची तुमची. पाच, हे सगळं सुप्रीम कोर्टाच्या २०१० च्या निकालानुसार. शेवटी नेहमीचं, 'प्रत्येक घरमालकापर्यंत पोचवा'.

दोन नंबरपासून सुरू करते, कारण घरात आग त्यानेच लावली.

जरा विचार करा. गाडी गेटसमोर उभी आहे, ती तिथून हलावी अशी तुमची इच्छा आहे, आणि त्यासाठी उपाय काय, तर ती हलूच शकणार नाही अशी व्यवस्था करायची. हा मजकूर ज्याने लिहिला त्याला गेट तरी आहे का, अशी मला शंका येते. एसयूव्ही शेजारच्या काकूंच्या जावयाची होती. काकूंना सामानासकट पोचवायला आले होते, आत चहाला थांबले. डॅशबोर्डवर मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी होती, ठळक अक्षरात. बाबांनी चष्मा घातला नव्हता. नऊला पाच कमी असताना जावई बाहेर आले, किल्ली फिरवली, आणि मग खाली उतरून मागे बघितलं. "आजोबा, नुसती बेल मारली असतीत," एवढंच म्हणाले. बिचारे बरे होते. आवाज काकूंनी चढवला.

स्टेपनी एक, बसलेली चाकं दोन. तशीच चालवली तर टायर आणि रिम दोन्ही जातील, म्हणून गाडी रात्रभर तिथेच. पंक्चरवाला सकाळी दहाला दुकान उघडतो, तो पंप घेऊन आला अकराला. आईची मोतीबिंदूनंतरची तपासणी नऊला वाशीत होती आणि बाबांची वॅगनआर गेटच्या आत. दोघं रिक्षाने गेले. म्हणजे काडी हातात घेतलीच नसती तर गेट रात्री नऊलाच मोकळं होत होतं. घेतली, म्हणून ते दुसऱ्या दिवशी साडेअकराला झालं.

आता कायद्याचं. 'हवा काढण्याचा हक्क' असा हक्क कुठल्याही कायद्यात नाही, आणि ते १५ मिनिटं कुठून आणले देव जाणे. उलट १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३२४ आहे, आधीच्या दंडसंहितेत ४२५ ते ४२७ मध्ये होतं ते. दुसऱ्याचं नुकसान करायच्या हेतूने त्याच्या वस्तूत असा बदल करायचा की तिची किंमत किंवा उपयोगिता कमी व्हावी, हा आगळिकीचा गुन्हा. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. निव्वळ हवा काढणं त्यात किती बसतं यावर वकील भांडतील. पण चौकीत जाऊन एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, नोंदवायला तेवढं पुरेसं आहे, आणि 'पोलीस तक्रार घेऊ शकत नाहीत' हे तर धादांत खोटं. याच भरात कोणी किल्लीने दरवाजा खरवडला किंवा काच फोडली, तर नुकसान वीस हजारांच्या वर जायला वेळ लागत नाही. तिथून पुढे शिक्षा दोन वर्षांपर्यंत जाते.

मला राग याचा येतो की यात बाबांची बाजू मुळात बरोबर होती. गेट अडवणं हा नियमभंगच आहे, त्यासाठी बनावट कायद्याची गरजच नव्हती. १९८९ च्या रस्ता नियमांत होतं आणि त्यांच्या जागी जून २०१७ मध्ये आलेल्या मोटार वाहन चालन विनियमांतही आहे: मालमत्तेच्या प्रवेशाच्या किंवा बाहेर पडण्याच्या वाटेसमोर गाडी उभी करायची नाही. त्यासाठी तिथे 'नो पार्किंग'चा बोर्ड असावा लागत नाही. बंगला असो, रो-हाऊस असो, सोसायटी असो. मोटार वाहन अधिनियम १९८८ चं कलम १२२ सांगतं की सार्वजनिक जागी इतरांना धोका, अडथळा किंवा विनाकारण त्रास होईल अशी गाडी सोडून जायची नाही. आणि कलम १२७ सांगतं की मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी उचलून न्यायचा किंवा तिला जॅमर लावायचा आदेश कोण देऊ शकतं: त्या हद्दीतला, गणवेशातला पोलीस अधिकारी. उचलण्याचा खर्च गाडीमालकाचा. हे एवढं एक कलम त्या अख्ख्या मेसेजला पुरून उरतं.

तीन नंबर तिथेच निकालात निघतो. घरमालक हा गणवेशातला पोलीस अधिकारी नव्हे. ऑनलाइन मागवलेला पिवळा जॅमर दुसऱ्याच्या चाकाला लावून पैसे मागणं याला दंड म्हणत नाहीत. जो शब्द आहे तो खंडणीच्या फार जवळचा आहे. शिवाय पुन्हा तेच, जॅमर लावलेली गाडी तुमच्या गेटसमोरच! आणि १०,००० हा आकडा? महाराष्ट्रात चुकीच्या पार्किंगचं चलान पहिल्यांदा ५०० रुपयांचं, पुन्हा केलंत तर १,५०० चं. टोइंगचे पैसे वेगळे.

चार नंबर वाचून मात्र मी एकटीच हसत बसले. बारा वर्षं म्हणे. कुठेतरी कोणीतरी मुदत कायद्यातली, म्हणजे १९६३ च्या लिमिटेशन ॲक्टमधली, प्रतिकूल ताब्याची (दुसऱ्याची जागा उघडपणे ताब्यात ठेवून मालकी सांगण्याची) बारा वर्षं ऐकली आणि ती गाडीला चिकटवली. ती बारा वर्षं खाजगी जमिनीची. पालिकेच्या किंवा इतर स्थानिक संस्थेच्या रस्त्यासाठी त्याच कायद्याच्या परिशिष्टात वेगळी नोंद आहे, अनुच्छेद १११, आणि तिथे मुदत तीस वर्षांची. बरं, तीस वर्षं तरी. ताबा अखंड हवा, उघड हवा आणि मूळ मालकाला बाहेर ठेवणारा हवा. आमच्या गल्लीतल्या गाड्या सकाळी साडेआठला कामाला जातात आणि संध्याकाळी सातला परत येतात. मधल्या वेळात त्या 'ताब्या'वर भाजीवाला हातगाडी लावतो, घंटागाडी थांबते, पोरं स्टंप मांडतात. या हिशेबाने पहिला हक्क भाजीवाल्याचा. तो वीस वर्षं येतोय.

आणि 'मालकी' कसली? बाबांच्या रो-हाऊसची कागदपत्रं मी पाहिली आहेत. घराखालची जमीनच सिडकोने साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली आहे. पायाखालची जमीन पट्ट्याने आणि गेटबाहेरचा डांबरी रस्ता मात्र कायमचा मालकीचा, हे गणित बसवणाऱ्याला माझा नमस्कार.

एक नंबरबद्दल थोडं नमतं घ्यावं लागेल, पण मेसेजला हवं त्या दिशेने नाही. मेसेज म्हणतो रस्त्याच्या मध्यापर्यंत तुमची जागा. नाही. रस्त्यावर तुमचा हक्क येण्याजाण्याचा, म्हणजे गेटातून गाडी आत-बाहेर काढता येण्याइतका. तेवढा पक्का आहे आणि तो कोणी अडवू नये. पण गेटची रुंदी संपली की पुढच्या भिंतीलगत, तिथे मनाई नसेल आणि वाहतूक अडत नसेल तर, कोणीही गाडी लावू शकतो. शेजारी, पाहुणा, कुरियरवाला. त्यांना 'आमच्या घरासमोर लावू नका' म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. हे लिहिताना मला बाबांचा चेहरा दिसतोय. त्यांनी भिंतीलगत क्रोटनच्या दोन कुंड्या आणि सिमेंट भरलेल्या डब्यात रोवलेला एक पाइप ठेवला आहे, पाइपला 'नो पार्किंग'ची पत्र्याची पाटी. ती पाटी ही विनंती आहे, आदेश नाही. रहदारीची चिन्हं लावण्याचा अधिकार सरकारचा आणि त्याने नेमलेल्या यंत्रणेचा. आणि त्या कुंड्या? रस्त्यातली अडचण म्हणून पालिकेने उद्या उचलून नेल्या तर बाबांना हूं की चूं करता येणार नाही. सगळं नेरुळ हेच करतं, मला माहीत आहे. ठाण्यात, पाचपाखाडीत आमच्या गल्लीतही तुटक्या खुर्च्या आणि जुने टायर मांडलेले असतात. तरीही.

पाच नंबरचा निकाल शोधायला पाच मिनिटं लागली. मेसेजमध्ये ना पक्षकारांची नावं, ना तारीख. २०१० सालचा पार्किंगवरचा गाजलेला निकाल म्हणजे ३१ ऑगस्टचा, नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी, दहिसरचं प्रकरण. प्रश्न होता, बिल्डरला इमारतीखालचं स्टिल्ट पार्किंग वेगळं विकता येतं का. कोर्ट म्हणालं, नाही, ते सामाईक क्षेत्र आहे. सोसायट्यांसाठी फार मोलाचा निकाल. त्यात गेटबाहेरचा रस्ता नाही, हवा नाही, जॅमर नाही.

मग करायचं काय, असं बाबांनी बुधवारी जरा तिरसटपणेच विचारलं. आधी चष्मा घालायचा, काचेवर नंबर आहे का बघायचं. मग दोन घरं बेल मारायची. आमच्या गल्लीत गेट अडवणारा दहातल्या नऊ वेळा कोणाचा तरी पाहुणाच असतो. नाहीच सापडला तर गेट आणि नंबरप्लेट एकाच फोटोत येईल असा फोटो काढायचा आणि वाहतूक पोलिसांना कळवायचं, महाट्रॅफिक ॲपवरूनही तक्रार करता येते. आत आजारी माणूस अडकलं असेल तर सरळ ११२. "आणि कोणी आलंच नाही तर?" बाबा म्हणाले. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण रात्री पावणेनऊला एका गल्लीसाठी टोइंगची व्हॅन लगेच येईल असं सांगायला मी काही सरकारची प्रवक्ती नाही. पण न आलेल्या व्हॅनमुळे आपण फिर्यादी राहतो. आगकाडीमुळे आरोपी होतो.

पंक्चरवाल्याचे तीनशे रुपये बाबांनी पाकिटात घालून आईबरोबर काकूंकडे पाठवले. काकूंनी ते घेतले नाहीत. गणपतीत आईने त्यांच्याकडे मोदक पाठवले होते, तो स्टीलचा डबा तेव्हापासून तिकडेच होता. बावीस वर्षांत या दोन घरांतून डबा कधी रिकामा परत गेलेला नाही, निदान मूठभर शेंगदाणे तरी असतात. गुरुवारी दुपारी त्यांच्या कामवाल्या मावशी तो आणून देऊन गेल्या. घासून, पुसून, रिकामा.