‘मानसिक वय सात’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

गेल्या आठवड्यात आमच्या नाशकातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच मेसेज तिघांनी टाकला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मतिमंद मुलाचा आयक्यू, म्हणजे बुद्ध्यांक, ५० असेल तर त्याचं मानसिक वय कायम सात-आठच राहतं, अठरानंतर मेंदू नवीन काही शिकत नाही, पैशांचा व्यवहार अशा मुलांना कधीच कळत नाही, आणि मोबाइलवरचे मेंदूचे खेळ रोज अर्धा तास खेळवले, की बुद्धी वाढते आणि बाकी सगळं आपोआप जमतं. त्याखाली सिडकोतल्या एका काकांनी लिहिलं, “म्हणूनच पोरीला आता घरीच ठेवलंय.” पोरगी १९ वर्षांची आहे. त्या एका ओळीमुळे मी लिहायला बसले.

माझा धाकटा भाऊ २३ वर्षांचा आहे, त्याला डाउन सिंड्रोम आहे, म्हणजे जन्मापासूनच एक गुणसूत्र जास्त आहे. त्याच्या चाचणीच्या कागदावरचा आकडा पन्नासच्या आसपासच आहे.

आधी ते ‘मानसिक वय’. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी बिने आणि सिमोन यांनी फ्रान्समध्ये शाळकरी मुलांसाठी चाचण्या केल्या, त्यांतून हा शब्द आला. आजच्या चाचण्या माणसाची तुलना त्याच्याच वयाच्या लोकांशी करतात. तिथे सरासरी १०० धरलेली असते. आणि साधारण ७० च्या खालचा आकडा हा निदानाचा अर्धाच भाग आहे. दुसरा अर्धा म्हणजे रोजचं जगणं: वेळ, पैसे, स्वच्छता, माणसांत वावरणं. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या व्याख्येत हे दोन्ही भाग आहेत. डॉक्टर जी डीएसएम-५ ही निदानपद्धती वापरतात, तीही २०१३ पासून तीव्रता आयक्यूवरून न ठरवता रोजच्या जगण्यावरून ठरवते. सात वर्षांच्या मुलाकडे सात वर्षांचा अनुभव असतो, माझ्या भावाकडे तेवीस वर्षांचा आहे. आजी गेली तेव्हा आईजवळ न बोलता बसून राहायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

मग त्याला अडतं कुठे? तीन गोष्टींत: चार पायऱ्या एकदम डोक्यात धरून ठेवणं, मनात आलेलं क्षणभर थांबवणं, आणि ठरलेलं फिसकटलं की बेत बदलणं. रोजचा दिवस पार पडतो की अडकतो, ते बरंचसं या तिन्हींवर अवलंबून असतं. सारख्याच आयक्यूच्या दोन मुलांत इथे मोठा फरक असू शकतो.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातली गोष्ट. गोदावरीला पूर आला होता, पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत पाणी चढलं होतं, गोदाकाठचे रस्ते बंद, बस दुसरीकडून वळवलेल्या. भाऊ पंचवटीतल्या रोजच्या थांब्यावर तासभर भिजत उभा राहिला. बसने जायचं त्याला पक्कं येत होतं, बस आली नाही तर काय करायचं हे आम्ही कधी शिकवलंच नव्हतं. चूक आमची होती. त्यानंतर त्याच्या पाकिटात चार फोटोंचं कार्ड आलं: थांबा, घड्याळ, फोन, ताई. मोठा काटा सहावर गेला आणि बस आली नाही, की ताईला फोन. ही सवय आम्ही घरात नाही, थांब्यावर उभं राहून करून घेतली, दहा-बारा वेळा. डाउन सिंड्रोममध्ये ऐकलेलं लक्षात ठेवण्यापेक्षा पाहिलेलं लक्षात ठेवणं बहुतेकांना सोपं जातं, म्हणून फोटो. विल्यम्स सिंड्रोम (हीही जन्मजात जनुकीय स्थितीच) असलेल्या मुलांचं बहुधा उलटं असतं, त्यांना शब्द जास्त धरतात. एकाच्या घरचा उपाय दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही.

अठरानंतर शिकणं थांबतं, हे खोटं आहे. बेत आखणं, स्वतःला आवरणं ज्या भागावर जास्त अवलंबून असतं, तो मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो, आणि शिकणं त्यानंतरही चालूच राहतं. पोरगं अचानक मंदावलं, येत असलेलं विसरायला लागलं, तर आधी थायरॉइड आणि कान तपासून घ्या. डाउन सिंड्रोममध्ये दोन्ही तक्रारी नेहमीच्या आहेत, आणि घरचे त्यालाच ‘आता याची कुवत संपली’ म्हणतात. याच नाशकात रजनी लिमये यांनी १९७७ साली प्रबोधिनी ही मतिमंद मुलांसाठीची संस्था उभी केली. जवळजवळ पन्नास वर्षांनीही आपण पोरांना घरात बसवतो, याचं मला फार वाईट वाटतं.

पैशांचं म्हणाल तर भावाला वजाबाकी येत नाही. गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात भाजीवालीने ३४ सांगितले, की तो दहाच्या चार नोटा मोजून देतो: ऐकलेल्या आकड्यात जितके दहा, त्यापेक्षा एक नोट जास्त. उरलेले परत मिळेपर्यंत हात पुढेच ठेवतो. पाकिटात फक्त दहाच्या नोटा ठेवणं हे आईचं काम.

आता मोबाइलचे खेळ. हा दावा जास्त घातक, कारण तो आशेच्या वेशात येतो. खेळात सराव केला की त्या खेळात आणि तसल्याच कामांत माणूस सुधारतो, हे खरं. तिथून दात घासणं, बस पकडणं, रांगेत थांबणं सुधारतं याला मात्र भक्कम आधार नाही. आम्हीही आठ महिने खेळवलं. खेळातली पातळी वर गेली, अंघोळीनंतर टॉवेल वाळत घालायचं तसंच विसरलं जात राहिलं. न्हाणीघराच्या दाराला टॉवेलचा फोटो लावला, तेव्हा कुठे ते जमलं. अर्धा तास आहेच हाताशी, तर जे काम जमायला हवं त्याच कामात घाला: पायऱ्या पाडा, एकेक पायरी शिकवा, आणि मदत हळूहळू काढून घ्या.

परवा मी सिडकोतल्या काकांना फोन केला. “तिला चहा करता येतो का हो?” विचारलं, तर म्हणाले, “गॅसजवळ जाऊच देत नाही आम्ही.” भीती खरी आहे, मी ती नाकारत नाही. रविवारी त्यांच्याकडे जाणार आहे. गॅसला पहिल्या दिवशी हातच लावायचा नाही. दोन कप पाणी, दोन चमचे साखर, एक चमचा चहापत्ती पातेल्यात मोजून घालणं, एवढंच तिच्याकडे. काडी काकू ओढतील.